खरखरीत, ठसठशीत देवनागरी शीर्षक: तयार फॉन्ट, साधा जाड फॉन्ट की हाताचा ठसा?

एकांकिकेचं पोस्टर, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, मसाल्याचं पाकीट, नव्या खानावळीची पाटी. काम कुठलंही असो, हल्ली एक मागणी हमखास येते: अक्षर रांगडं हवं, जाड हवं, हाताने छापल्यासारखं हवं. इंग्रजीत ती पाच मिनिटांत पुरी होते. मराठीत निवड करावी लागते, कारण वाटा चार आहेत आणि प्रत्येक वाट वेगळ्या ठिकाणी अडते. आधीच खरवडलेला तयार फॉन्ट घ्या. साधा जाड युनिकोड फॉन्ट (सगळ्या संगणकांवर, फोनवर चालणाऱ्या अक्षरसंकेताचा) घेऊन त्यावर आपण टेक्श्चर, म्हणजे खरखरीत पोत, चढवा. खरोखर कोरून, छापून, स्कॅन करा. नाहीतर अक्षरकाराकडून शीर्षक काढून घ्या.

माझा कौल सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सोय होईल. देवनागरीत रांगडेपणा अक्षराच्या घडणीत असावा, कडेच्या खरवडीत नको. आणि टेक्श्चर द्यायचंच असेल तर सगळी ओळ जुळवून झाल्यावर, तिच्यावरून सलग, एकदाच द्यावं. तयार खरखरीत फॉन्ट या दोन्ही कसोट्यांवर घसरतो.

नक्कल नेमकी कुठल्या छपाईची?

'हाताने छापल्यासारखं' असं ग्राहक म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे एक ढोबळ चित्र असतं. छपाईच्या खुणा मात्र पद्धतीप्रमाणे पार वेगळ्या असतात, आणि त्यांची सरमिसळ झाली की अक्षर छापलेलं न दिसता धूळ बसलेलं दिसतं.

लाकडी ठशापासून सुरुवात करू. छापखान्यातले नेहमीचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, शिशाच्या मिश्रधातूचे. पण पोस्टरच्या मापाचा खिळा धातूत ओतला तर तो वजनाने जड, किमतीने भारी, आणि थंड होताना त्याचा पृष्ठभाग खचण्याची भीती. म्हणून मोठी अक्षरं लाकडात कोरली जात. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स याने १८२७ च्या सुमारास ती यंत्राने घाऊक बनवण्याची सोय केली आणि जाहिरातीचं पोस्टर स्वस्त झालं. हे ठसे वर्षानुवर्षं वापरले जात, त्यामुळे कोपरे बोथट होत, अंगावर चिरा पडत. दाबाखाली शाई कडेकडे सरकते, म्हणून लाकडी ठशाच्या छापात कड गडद आणि पोट फिकट, त्या पोटात लाकडाच्या रेषा. बाजारातली बहुतेक 'लेटरप्रेस' टेक्श्चर याच्या नेमकी उलट असतात: कडा कुरतडलेल्या, पोट ठणठणीत काळं.

लिनोचा, म्हणजे कोरायला मऊ अशा लिनोलियमच्या तुकड्याचा, मामला आणखी वेगळा. लिनोवर शाई छान बसते, त्यामुळे अक्षर आतून बऱ्यापैकी भरीव येतं. खूण उमटते ती अक्षराच्या बाहेर. कोरणीने भोवतालचा भाग काढताना मधे मधे उंचवटे राहतात, रुळाची शाई त्यांनाही लागते आणि अक्षराभोवती बारीक ओरखडे छापले जातात. शिवाय पात्याला गोलाई नकोशी असते, ते सरळ कापतं, म्हणून वळणांना पैलू पडतात. तेव्हा अक्षरात पांढरे ठिपके पाडून त्याला लिनो म्हणणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये जाळीमुळे कडेला बारीक दाते येतात, सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात, स्क्वीजीचा (शाई ओढायच्या रबरी पट्टीचा) दाब कमी पडला तिथे शाई उडालेली असते. मे १९६८ मध्ये पॅरिसच्या कलाशाळेत विद्यार्थ्यांनी 'आतेलिए पॉप्युलेर' या नावाने छापलेली आंदोलनाची पोस्टरं याच पद्धतीची होती, आणि पिंटासिल्गोप्रिंट्स या ब्राझीलच्या फॉन्टकारांनी त्यांच्यावरून 'पॉप्युलेर' नावाचा फॉन्ट केला. रबरी शिक्क्याची ओळख मात्र एका वाक्यात संपते: एक बाजू गच्च, दुसरी पुसट.

यातलं एक निवडा. मगच फॉन्टकडे वळा.

तयार खरखरीत फॉन्ट: मोह आणि अडचण

गूगल फॉन्ट्सवर रुबिक डर्ट, रुबिक डिस्ट्रेस्ड असे फुकट फॉन्ट आहेत. दिसायला मजेदार, जाड, पटकन परिणाम देणारे. त्यांत रोमन आहे, सिरिलिक आहे, हिब्रूही आहे. देवनागरी नाही. तिथे मराठी टाइप केलं की संगणक कुरकुर न करता स्वतःजवळचं काहीतरी लावून मोकळा होतो, विंडोजवर निर्मला किंवा मंगल, मॅकवर कोहिनूर. आणि इंग्रजी नाव रांगडं, मराठी नाव सरकारी अर्जासारखं अशी पाटी तयार होते. आणखी एक फसवं नाव म्हणजे 'श्रीखंड'. हाताने रंगवलेल्या पाट्यांच्या वळणाचा, जाडजूड, देखणा फॉन्ट. पण त्यात लिपी आहेत गुजराती आणि रोमन. नावावरून उतरवून घेणाऱ्या मराठी माणसाचा हिरमोड ठरलेला.

समजा देवनागरीत असा खरवडलेला फॉन्ट हाती आला, तरी अडचण लिपीच्या घडणीतच आहे. इंग्रजी अक्षरं सुटी उभी राहतात. एका अक्षराच्या कडेला खाच असली तरी तिचा शेजारच्या अक्षराशी संबंध नाही. आपली अक्षरं शिरोरेषेने हात धरून उभी. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा थोडी बाहेर काढलेली असते, म्हणजे शेजारच्या शिरोरेषेवर ती चढते आणि सांधा दिसत नाही. ही युक्ती गुळगुळीत रेषेवरच चालते. रेषेला खाचा आणि भोकं पाडली की एका अक्षराचं भोक दुसऱ्याच्या शेपटीखाली अर्धं झाकलं जातं, वरची खाच मधेच तुटते, आणि दर अक्षरागणिक एक सांधा डोळ्यांत भरतो. खऱ्या छपाईत शिरोरेषेवर ओरखडा आला तर तो चार अक्षरांवरून सलग जाईल. इथे तो अक्षराच्या हद्दीत थबकतो.

दुसरं, पुनरावृत्ती. चांगले इंग्रजी खरखरीत फॉन्ट एकेका अक्षराची दोन-तीन रूपं ठेवतात आणि ओळीत ती आपोआप आलटूनपालटून येतात, म्हणजे शेजारशेजारच्या दोन 'ओ'ना एकसारखे डाग दिसत नाहीत. नुसत्या मोठ्या लिपीची तीन रूपं म्हणजे अठ्ठ्याहत्तर अक्षरं, काम आटोक्यातलं. देवनागरीत जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, मात्रांचे प्रकार धरून आकृत्या काही शे होतात. त्यांची तिप्पट करायला कोण बसणार? आणि नेमका सर्वांत जास्त येणारा काना सर्वांत आधी चहाडी करतो. 'महाराष्ट्राचा' या एका शब्दात चार काने आहेत. चारही कान्यांवर त्याच उंचीला तोच डाग आला की लाकडी ठशाचा आभास तिथेच संपला.

तिसरी अडचण वाचनाची आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शिरोरेषेच्या वरचा ठिपका म्हणजे आपल्याकडे अनुस्वार. शाई उडाल्याचा आव आणणारा एक ठिपका चुकीच्या जागी पडला की 'खत' विकणाऱ्याची पिशवी 'खंत' विकू लागते. शाई पसरल्याची नक्कल करताना याची दुसरी बाजू दिसते. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांतला फरक शिरोरेषेतल्या छोट्या फटीवर उभा आहे. फट बुजली की 'भात' 'मात' होतो, 'धन' 'घन' होतं. 'ब' आणि 'व'चं, 'ष' आणि 'प'चंही तसंच. पोटातली तिरकी रेघ गेली की ओळख गेली. रोमन लिपी कितीही ओरबाडा, बाह्यरेषेवरून बहुतेक अक्षरं ओळखू येतात. देवनागरीचा बराचसा जीव आतल्या फटींत आणि वरच्या टिंबांत आहे.

श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व संचांमध्ये सजावटी फॉन्टची रेलचेल आहे आणि डीटीपी करणाऱ्या अनेकांचा हात तिथेच बसलेला आहे. शीर्षक शेवटी कर्व्ह करूनच (अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करून) छापायला जाणार असेल तर युनिकोड नसल्याचं फारसं बिघडत नाही, मजकूर शोधणं, कॉपी करणं वगैरे प्रश्न तिथे उद्भवतच नाहीत. पण सांधे, काने आणि टिंबं यांचं वर सांगितलेलं दुखणं त्यांनाही आहे.

घडणीतला रांगडेपणा

जर्मनीत ऑफेनबाखच्या क्लिंगस्पोर ओतशाळेसाठी रुडॉल्फ कोख याने १९२३ मध्ये 'नॉयलांड' हे अक्षर केलं. त्याने आधी रेखाटनं केली नाहीत, थेट धातूत कोरलं. प्रत्येक माप वेगळं कोरल्यामुळे मापागणिक आकारांत थोडा फरक आहे. त्याच्यावर एकही डाग, एकही खरवड नाही, तरी ते लाकूडकामासारखं दणकट दिसतं, कारण हत्याराची खूण अक्षराच्या आकारातच उतरली आहे. (पुढे या अक्षराचं नशीब फिरलं. जंगल, सफारी, आफ्रिका असं काही म्हणायचं झालं की इंग्रजी मुखपृष्ठांवर हेच अक्षर, इतकं ते साचेबंद झालं. आपल्याकडे 'गावरान' म्हटलं की मातकट रंग आणि झिजलेलं अक्षर ठरलेलं असतं, तोही त्याच जातीचा आळस.)

देवनागरीत असा घडणीचा जोर कोणत्या फॉन्टमध्ये आहे? खालचे सगळे गूगल फॉन्ट्सवर मुक्त परवान्याने मिळतात, म्हणून तुलना किमतीची नाही, स्वभावाची आहे.

'एक्झार' हा माझा पहिला पर्याय. वैभव सिंग यांचा, रोझेटा या संस्थेकडून आलेला. साध्या वजनात तो मजकुराचा सभ्य फॉन्ट आहे; वजन वाढत जातं तसा त्याचा स्वभाव उघडा पडतो, आणि एक्स्ट्राबोल्डपर्यंत पोचता पोचता वळणांना कोन आणि पैलू स्पष्ट जाणवू लागतात. लिनोच्या पात्याने कापल्यासारखा भाव त्यात आयताच आहे. दुसरा फायदा म्हणजे त्याचं रोमन त्याच हाताचं आहे, त्यामुळे पाटीवर दोन लिपी शेजारी बसल्या तरी भांडत नाहीत. आणि पोस्टरच्या तळाशी कलावंतांची नावं त्याच्याच हलक्या वजनात लावता येतात. एका फॉन्टमध्ये सगळं घर चालतं.

'यात्रा वन' कॅथरीन ली श्मिट यांचा. मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला, ब्रशचा कोन तोच ठेवलेला. इथे हात दिसतो, पण तो रंगाऱ्याचा हात आहे, छापणाऱ्याचा नाही. म्हणून लिनो किंवा लाकडी ठशाचं टेक्श्चर त्यावर उपरं वाटतं. भिंतीवरच्या रंगाचे पापुद्रे निघाल्यासारखं मात्र शोभतं. मुंबईशी नातं असलेल्या कामाला हा सरळ निवडावा. वजन एकच, त्यामुळे जाडी कमी पडली तर दुसरा इलाज नाही. बाह्यरेषा वाढवून जाड करायला जाल तर ब्रशचं सगळं सौंदर्य भाकरीच्या पिठासारखं लिबलिबीत होईल.

'खंड' आणि 'टेको' हे इंडियन टाइप फाउंड्रीचे दोघे अरुंद, उंच, सारख्या जाडीच्या रेषेचे. स्वतःहून त्यांत रांगडेपणा काही नाही. पण जुन्या पोस्टरांवरच्या अरुंद लाकडी ठशांशी त्यांची शरीरयष्टी जुळते, आणि रेषा सगळीकडे सारखी असल्यामुळे टेक्श्चर सगळीकडे सारखं पेलतं. कुठे एखादी बारीक रेघ नाहीशी होत नाही. लांबलचक नाव एका ओळीत बसवायचं असेल तर बोल्ड वजनातला 'खंड' घ्या. 'टेको'ची चौकोनी पोटं मला खेळाच्या जर्सीची आठवण करून देतात, म्हणून तो मी मागे ठेवतो.

'मोदक' सगळ्यांना आवडतो. एक टाइप या मुंबईच्या मंडळींचा हा फॉन्ट इतका गुबगुबीत आहे की अक्षराची ओळख आतल्या पांढऱ्या चिरांवरच टिकून राहते. हीच त्याची गंमत आणि हीच अडचण. त्यावर पांढरे ओरखडे टाकले की खरी चीर कुठली आणि ओरखडा कुठला ते कळेनासं होतं. मोदक लावायचा तर नितळ लावा. 'बालू' त्याच घरातला, गोल टोकांचा, प्रेमळ. त्याला लाकूड आणि लिनो दोन्ही मानवत नाहीत, पण रबरी शिक्क्याची नक्कल करायची असेल तर तो चपखल बसतो, कारण रबराची टोकं तशीही गोलावतात.

'रोझा वन'बद्दल थोडा धाक दाखवायला हवा. जाड-बारीक रेषांमधला फरक टोकाचा, पोस्टरवर राजेशाही. टेक्श्चर चढवलं की त्याच्या केसाएवढ्या रेषा पहिल्यांदा तुटतात आणि जाड भाग मागे उरतात. 'मुक्ता'चं जाड वजन उलट टोकाला: काही बिघडत नाही आणि काही घडतही नाही. स्वच्छ अक्षरावर घाण, एवढंच दिसतं. आणि 'कलम' हे मुळात हस्ताक्षर आहे. हाताने लिहिणं आणि हाताने छापणं यांतला फरक ग्राहकाला समजावून सांगायची तयारी असली तरच त्याचं नाव काढा.

टेक्श्चर चढवण्याची एकच सोय

फॉन्ट ठरला की शीर्षक मोठ्या मापात लावा, अक्षरांमधली अंतरं हाताने नीट करा, कर्व्ह करा आणि सगळ्या आकृत्या वेल्ड करून, म्हणजे एकमेकींत जोडून, एकजीव करा. शिरोरेषेचे सांधे इथे कायमचे जातात. काने थोडे वरखाली, थोडे लहानमोठे करायचे असतील तर ते वेल्डच्या आधी. चार काने एकमेकांची नक्कल वाटू नयेत एवढाच फरक पुरतो. मग टेक्श्चर.

ते विकत घेण्यापेक्षा बनवा. गुळगुळीत फळीवर रुळाने छपाईची शाई पसरा, त्यावर साधा कागद ठेवून हाताने घासा, उचला, वाळल्यावर मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन करा. लाकडाची फळी घेतली तर लाकडाच्या रेषा येतील, लिनोचा तुकडा घेतला तर बारीक दाणा येईल. हे स्कॅन अक्षरांवर मास्क म्हणून टाका, म्हणजे स्कॅनमधल्या मोकळ्या जागी अक्षर झाकलं जाईल. एकच लांब पट्टी सगळ्या ओळीवर पसरवायची, तोच तुकडा जोडून जोडून नाही. मग टिंबं, फटी आणि तिरक्या रेघा तपासा. जिथे अर्थ बदलतो तिथलं टेक्श्चर पुसून टाका. हे शेवटचं काम कुठलाही तयार फॉन्ट तुमच्यासाठी करत नाही.

कोरून छापणं

वेळ असेल तर याच्या तोडीचं काही नाही. लिनोचा तुकडा, दोन कोरण्या, रूळ, शाई; यंत्र नसलं तरी चमच्याच्या पाठीने घासून छाप निघतो. अक्षर उलटं कोरायचं असतं, त्यासाठी कर्व्ह केलेलं शीर्षक आरशातल्यासारखं उलटवून त्याचा प्रिंट काढावा आणि कार्बनने लिनोवर उतरवावा. इथे देवनागरीचा एक फायदा आहे: शिरोरेषेमुळे सगळा शब्द एकसंध ठोकळा राहतो, सुट्या अक्षरांची ओळ वाकडी होण्याची भीती नाही. तोटाही लगेच समोर येतो. वेलांटीची कमान, रफार, 'कृ'चा ऋकार हे सगळे कोरताना तुटतात, म्हणून मूळ अक्षर आडदांडच लागतं.

तुलनेत कमी पडणारी बाजू म्हणजे दुरुस्ती. छापून झाल्यावर कार्यक्रमाचं नाव बदललं तर पुन्हा कोरा. म्हणून फक्त शीर्षक कोरावं. तारीख, वेळ, तिकिटाचे दर फॉन्टवर सोडावेत. दोन-चार छाप वेगवेगळ्या दाबाने काढून त्यांतले बरे भाग एकत्र करता येतात, आणि एखाद्याला ती लबाडी वाटली तर वाटू द्या.

अक्षरकार

मराठी नाटकांच्या जाहिरातींना स्वतःची अक्षरं असतात ही सवय आपल्याला कमल शेडगे यांनी लावली. नाटकाचा स्वभाव शीर्षकाच्या वळणात उतरवण्याचं त्यांचं काम २०२० मध्ये त्यांच्या निधनापर्यंत कित्येक पिढ्यांनी वर्तमानपत्रात पाहिलं. एकच शब्द असेल, तो वर्षानुवर्षं चालणार असेल आणि पदरी पैसे असतील, तर फॉन्टच्या नादी न लागता अक्षरकाराकडे जा. बोधचिन्हासाठी हा खर्च खर्च नसतो. एका प्रयोगाच्या पोस्टरसाठी मात्र तो बहुधा परवडत नाही, आणि आठवडाभर आधी सांगून चांगलं काम मागणं अन्यायाचं आहे.

काम पाहून निवड

एकांकिका, छोटा कार्यक्रम, मोजक्या प्रती: लिनो कोरा. ते पोस्टर लोक जपून ठेवतात.

दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ असेल तर एक्झार एक्स्ट्राबोल्ड आणि लाकडी ठशाचं टेक्श्चर. छापणाऱ्याला विचारा की शीर्षक एका शाईत जाणार की चार रंगांत. एका काळ्या शाईत बारीक भोकं स्वच्छ येतात. चार रंगांच्या मिश्रणात प्लेटा केसभर सरकल्या तरी ती भोकं रंगीत होतात किंवा बुजतात; तिथे टेक्श्चर मोठं आणि मोजकं ठेवा.

पाकिटाचं लेबल सर्वांत कठीण. लहान माप, चकचकीत प्लास्टिक, आणि दुकानात हातभर अंतरावरून वाचणारं गिऱ्हाईक. इथे टेक्श्चर जवळजवळ नकोच, घडणीवर भागवा.

दुकानाच्या पाटीचा निर्णय तर टेक्श्चरपर्यंत पोचतच नाही. रेडियम कटिंगचं पातं हजारो बारीक भोकं कापू शकत नाही, अ‍ॅक्रिलिकच्या उठावाच्या अक्षरांत खरवड येत नाही, आणि फ्लेक्सवर ती आलीच तर रस्त्यावरून पाहणाऱ्याला फ्लेक्स खराब झालाय असं वाटतं. पाटीसाठी 'यात्रा वन' किंवा 'एक्झार', नितळ. महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर पाटीवरची मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. म्हणून इंग्रजी नाव आधी एखाद्या रांगड्या फॉन्टमध्ये ठरवून मग मराठी शोधत बसण्याचा क्रम उलटा करा: मराठी आधी ठरवा, इंग्रजी तिच्या बरोबरीला बसवा.

आणि काम केवळ फोनच्या पडद्यासाठी असेल, तर व्हॉट्सअ‍ॅप चित्र दाबून लहान करतं हे विसरू नका. त्या दाबात बारीक दाणा राखाडी चिखल होतो. फोनच्या पडद्यावर ठिपका म्हणून वेगळा दिसेल एवढाच दाणा ठेवा, बाकीचा काढून टाका.

फॉन्ट पक्का करण्याआधी

आपलं शीर्षक लावून बघण्याआधी हे शब्द लावा: 'दऱ्या', 'ऱ्हास', 'कॅलेंडर', 'ॲप', 'शाळा', 'लक्ष्मी', 'उत्कृष्ट'. पहिल्या दोनांत र अर्ध्या चंद्रासारखा वळायला हवा. तो रफार होऊन वर चढला तर तो फॉन्ट, किंवा ते सॉफ्टवेअर, मराठीचं नाही. 'श' आणि 'ल' मराठी वळणाचे आहेत का ते पाहा. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये ही वळणं ठरवून दिली आहेत. कित्येक फॉन्टमध्ये हिंदी वळण आधी दिसतं आणि भाषा 'मराठी' निवडली की मराठी वळण येतं; ते नसेलच आणि शीर्षकात 'ल' असेल तर फॉन्ट बदला, कारण जाड शीर्षकात परका 'ल' लांबूनही ओळखू येतो. इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनमध्ये वेलांटी भलत्या जागी गेली तर फॉन्टला दोष देऊ नका, वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करा.

परवान्याचं थोडक्यात: गूगल फॉन्ट्सवरचे वरचे सगळे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. व्यावसायिक कामात वापरा, बदल करा, शीर्षक खरवडा, चालतं. फॉन्टची फाइल तेवढी सुटी विकता येत नाही. इंग्रजी खरखरीत फॉन्ट विकत घेताना मात्र छपाई, वेबसाइट आणि बोधचिन्ह यांचे परवाने वेगवेगळे आहेत का ते वाचून घ्या.

शेवटी ग्राहकाला दोन फाइली द्या: वेल्ड केलेलं नितळ शीर्षक वेक्टरमध्ये (कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या रेषाकृतीत), आणि टेक्श्चरचं शीर्षक मोठ्या मापाच्या काळ्या-पांढऱ्या चित्रात. टेक्श्चर ऑटोट्रेस करून, म्हणजे सॉफ्टवेअरकडून आपोआप गिरवून घेऊन, वेक्टर बनवलं की हजारो बिंदूंची फाइल होते आणि फ्लेक्सवाल्याचा संगणक तिथेच बसतो. पाटीवाल्याला पहिली, छापखान्याला दुसरी. फायलींच्या नावात तसं स्पष्ट लिहा, नाहीतर रेडियमवाल्याकडे टेक्श्चरचीच जाते.